तोच कॅमेरा, म्हणजे कोणता?

जुन्या वस्तूवर जीव जडतो म्हणजे नेमका कशावर जडतो, हा आजचा प्रश्न. उदाहरण एकच घेऊ, पेन्टॅक्स के-१०००. जपानच्या असाही कंपनीनं हा कॅमेरा १९७६ साली काढला आणि १९९७ पर्यंत तो फारसा न बदलता बनत राहिला.

त्यात बॅटरी आहे, पण ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्यापुरती. शटर स्प्रिंगवर चालतं. लिव्हर ओढली की फिल्म एक घर पुढे सरकते आणि त्याच ओढीत स्प्रिंग ताणली जाते. बटण दाबलं की कापडाचा एक पडदा धावतो, मागून दुसरा. दोघांमधली बारीक फट म्हणजे तुमचा १/१००० सेकंद! काटा बंद करायला बटणच नाही. लेन्सला टोपी घालायची, अंधार झाला की तो झोपतो.

फ्लुसर या विचारवंतानं कॅमेऱ्याला काळी पेटी म्हटलं. आत काय चालतं ते वापरणाऱ्याला कळत नाही, असा त्याचा रोख. आम्हाला हे इथे अर्धंच पटतं. या पेटीत निदान डोकावता तरी येतं.

आमच्याकडे हा कॅमेरा चाळीसेक वर्षं आहे. लोक म्हणतात, जुन्या आठवणींचा सोस. पण आठवणी फोटोंत असतात, कॅमेऱ्यात नव्हे. कॅमेऱ्याशी जडलेली असते ती हाताची सवय. भर उन्हात बाहेर पडलो की बोटं आपणच १/५०० वर जातात, काट्याला विचारत नाहीत.

आता अडचण बघा. मागच्या झाकणाचा फोम डांबरासारखा चिकट होतो. आतलं वंगण घट्ट होतं, मग एक सेकंद दीड सेकंदाचा होतो. दोन पडद्यांची चाल बिघडली की फोटोची एक बाजू काळवंडते. दुरुस्त करणारे थोडे उरलेत, आणि सुटे भाग येतात ते दुसऱ्या एखाद्या मेलेल्या के-१००० मधून. मग तो कॅमेरा तोच राहिला का?

'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का? शेवटी रथ हे व्यवहारातलं नाव ठरतं. नैयायिक रथाला खरा मानतात, पण बदलाच्या बाबतीत ते जास्त कडक. अवयव बदलला की जुना अवयवी गेला, नवा उपजला. त्या हिशेबानं आमचा हा तिसरा कॅमेरा! (दोन दुरुस्त्यांचे पैसे मात्र आम्ही एकाच कॅमेऱ्याचे म्हणून मोजले.)

तरी हातात घेतला की 'तोच हा' असं वाटतंच. आमचं मत असं, की हे तोचपण पितळ-लोखंडात कमी आणि सवयीत जास्त असतं. पण सवयही झिजते ना! सत्तरीनंतर १/३० वर आमचा हात स्थिर राहत नाही, १/१२५ च्या खाली आम्ही आता उतरत नाही.

म्हणून कॅमेरा पुढच्याला नुसता देऊन भागत नाही, सवयही द्यावी लागते. नातीला सध्या आम्ही बॅटरी काढून कॅमेरा देतो. ऊन बघ, सावलीची कड बघ, मग आकडा ठरव. पहिल्या रोलमधल्या ३६ पैकी सात फोटो बरे आले. दुसरा रोल अजून कॅमेऱ्यातच आहे.