चार्जर पुणे केंद्रावर बोलतो तेव्हा

कुर्डुवाडीसारख्या गावात घरून काम करणाऱ्यांच्या टेबलावर आता लॅपटॉप, वायफायचा राउटर, एलईडी दिवा आणि दोन-तीन चार्जर असतातच. त्यांच्या शेजारी एक जुना ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवा आणि मीडियम वेव्हवर आकाशवाणी पुणे लावा, 792 किलोहर्ट्झ. बरेचदा निवेदकाचा आवाज जाड घरघरीखाली दबतो. एकेक प्लग काढत गेलात, की कुठल्या तरी प्लगपाशी घरघर थांबते आणि आवाज मोकळा होतो. रेडिओ बिघडलेला नसतो. त्या क्षणापर्यंत तुमचा चार्जरसुद्धा 792 वर प्रक्षेपण करत असतो!

हे घडतं कसं? पूर्वीच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये जड ट्रान्सफॉर्मर असायचा. आजचा मूठभर, हलका चार्जर वेगळ्या युक्तीने चालतो. तो 230 व्होल्टच्या विजेचा आधी सुमारे 325 व्होल्टचा एकदिश दाब करतो आणि मग एका चिमुकल्या ट्रान्झिस्टरने तो सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. या कामाच्या चिप्सचा एक नेहमीचा वेग 66 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 66 हजार वेळा. अशा झटक्याच्या उघडझाकीतून निघणारी कंपनं मूळ वेगावर थांबत नाहीत. पाढा म्हणत जावा तशी ती दुपटीवर, तिपटीवर, दहापटीवर उमटत जातात. आता 66 ला 12 ने गुणा. बरोबर 792! काही चिप्स 132 किलोहर्ट्झवर चालतात. त्यांची सहावी पटही तिथेच येऊन बसते.

मग शिट्टीऐवजी घरघर का ऐकू येते? आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते. एकदिश झाल्यावर तिचे उंचवटे होतात 100, आणि चार्जरच्या गोंगाटावर त्यांचा ठसा उमटतो. शिवाय चार्जरपासून बोर्डापर्यंतची आणि लॅपटॉपपर्यंतची वायर अँटेनाचं काम आयतंच करते.

यावरचा उपाय तुमच्या हातात रोज येतो. लॅपटॉपच्या वायरवर टोकाजवळ जो फुगीर नळकांडा दिसतो, त्यात फेराइटचा मणी असतो: लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये मँगेनीज, जस्त किंवा निकेल मिसळून भाजलेला काळा, ठिसूळ पदार्थ. त्याची करामत मला फार सुंदर वाटते. लॅपटॉपची वीज एका तारेतून जाते आणि दुसरीतून परत येते. दोन्हींची चुंबकीय क्षेत्रं मण्यात एकमेकांना खोडतात, म्हणून त्या विजेला मण्याचा अडथळाच होत नाही. गोंगाट मात्र दोन्ही तारांवरून एकाच दिशेने धावतो. त्याचं क्षेत्र खोडलं जात नाही. मणी त्याला अडवतो आणि बराचसा उष्णतेत जिरवतो. स्वस्त चार्जरमध्ये कात्री लागते ती बहुधा अशाच गाळणीच्या भागांना. त्यांच्यावाचूनही फोन चार्ज होतो, आणि त्रास होतो तो शेजाऱ्याच्या रेडिओला.

घरातला दुसरा गोंगाट तर कानाला ऐकूच येत नाही. वायरलेस माउस मध्येच अडखळतो. त्याचं बोटाच्या पेराएवढं रिसीव्हर यूएसबी 3 च्या हार्ड डिस्कला खेटून लावलेलं असतं, आणि सेकंदाला 5 अब्ज बिट्स वाहून नेणाऱ्या त्या जोडणीचा गोंगाट माउसच्या 2.4 गिगाहर्ट्झवरही पसरतो. रिसीव्हर लहानशा एक्स्टेंशन वायरने हातभर लांब नेलं, तरी बहुतेक वेळा माउस सुरळीत चालतो.

अशा नकोशा खरखरीनेच एक अख्खं शास्त्र, रेडिओ-खगोलशास्त्र, जन्माला घातलं. अमेरिकेत कार्ल जान्स्की नावाचा तरुण अभियंता समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनमधला अडथळा शोधत होता. वादळांची खरखर वेगळी काढल्यावरही एक बारीक सळसळ उरली, आणि ती रोज 23 तास 56 मिनिटांनी परत येई. हा सूर्याचा दिवस नव्हे, ताऱ्यांचा. 1933 मध्ये त्याने जाहीर केलं, की ती आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून, धनू राशीच्या दिशेने येते.

तीच सळसळ आज आपल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला ऐकली जाते. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ-दुर्बिणीच्या 30 अँटेना, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या, तिथे आकाशाकडे कान लावून आहेत. ही जागा निवडताना माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट तिथे कमी आहे, हाही एक मोठा निकष होता. म्हणून पाहुण्यांना तिथे मोबाइल बंद करायला सांगतात. दूरच्या दीर्घिकांकडून येणारी ऊर्जा इतकी क्षीण असते, की जवळचा एखादा ठिणग्या टाकणारा विजेचा खांबही तिला झाकून टाकतो.

तुमच्या घरातला गोंगाट शोधणं सोपं आहे. बॅटरीवरचा रेडिओ मीडियम वेव्हवर मोकळ्या जागी लावा आणि मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर उगम घरातच आहे. मग एकेक उपकरण चालू करत जा. थांबली नाही तर रेडिओ घेऊन बाहेर पडा, आवाज वाढेल त्या दिशेने चालत राहा. ठिणग्या पडणारा खांब सापडला, तर हात न लावता वीज कंपनीला कळवा.