पक्षी येताहेत, पाती थांबवा!

१३ मे २०२३ च्या रात्री नेदरलँड्सने एक वेगळाच प्रयोग केला. उत्तर समुद्रातल्या बोर्सेले आणि एग्मंड आन झे इथल्या पवनचक्क्या चार तास जवळजवळ थांबवून ठेवल्या. यंत्रांत काही बिघाड नव्हता. त्या रात्री स्थलांतर करणारे पक्षी मोठ्या संख्येने समुद्रावरून जाणार होते, म्हणून त्यांना वाट मोकळी करून दिली होती!

मला यातला सॉफ्टवेअरचा भाग फार आवडला. ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेले एक मॉडेल रडारच्या नोंदी आणि हवामानाचा अंदाज यांवरून पक्षी कधी येतील ते दोन दिवस आधी सांगते. मग पक्षीतज्ज्ञ तो अंदाज तपासतात. वीजवाहिन्या सांभाळणाऱ्या कंपनीला पर्यायी विजेची सोय करायला वेळ मिळतो. नंतर पात्यांचा वेग मिनिटाला जास्तीत जास्त दोन फेऱ्यांवर आणला जातो.

एवढा खटाटोप कशासाठी? समुद्रातल्या पवनचक्क्यांचा पक्ष्यांना दोन प्रकारे त्रास होतो. पहिला, पात्यांची धडक. रात्री, ढगाळ हवेत किंवा धुक्यात हा धोका वाढतो, कारण अशा वेळी दिव्यांकडे पक्षी ओढले जातात. जमिनीवर पवनचक्कीखाली मेलेले पक्षी मोजता येतात. समुद्रात ते वाहून जातात. त्यामुळे रडार आणि कॅमेऱ्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

डेन्मार्कमध्ये न्यूस्टेड इथे २००३ मध्ये ७२ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. तिथल्या रडारने दिलासा देणारे चित्र दाखवले. पवनचक्क्या सुरू झाल्यावर त्या भागात शिरणारे बदकांचे आणि हंसांचे थवे सुमारे साडेचार पटींनी कमी झाले. बहुतेक थवे बाजूने वळसा घालून जात होते. धडक बसेल इतक्या जवळून जाणारे पक्षी एक टक्क्याहूनही कमी होते.

पण वळसा घालणे सगळ्यांनाच परवडत नाही, आणि हाच दुसरा त्रास. जर्मनीजवळच्या समुद्रात मासे पकडून जगणारे ‘लून’ पक्षी पवनचक्क्यांपासून कित्येक किलोमीटर लांब राहतात. पवनक्षेत्रात आणि त्याभोवतीच्या एका किलोमीटरच्या पट्ट्यात त्यांची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घटली. एकही पक्षी पात्याला धडकला नाही, तरी त्यांची चरण्याची जागा मात्र गेली. ती परत देता येईल असे कोणतेही बटण नाही. पाती रात्रीपुरती थांबवता येतात, उभा केलेला खांब हलवता येत नाही.

म्हणून जागेची निवड सगळ्यात महत्त्वाची. आमच्या कामात चूक जितकी उशिरा सापडते, तितकी ती महाग पडते. इथेही तसेच आहे.

हा विषय आपल्या बडोदेकरांपासून दूर नाही. खंबातच्या आखातात, पिपावावजवळ, वारा मोजणारे लायडार यंत्र २०१७ मध्येच बसवले गेले. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यात गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॅटचे प्रकल्प आहेत. इकडे मुंबईच्या बीएनएचएस संस्थेने २०२२ मध्ये ठाणे खाडी परिसरातल्या फ्लेमिंगोंना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावले. त्यांतला एक फ्लेमिंगो थेट भावनगरला, म्हणजे याच आखाताच्या काठी पोहोचला!

पवनऊर्जा आपल्याला हवीच आहे. तापणाऱ्या समुद्रात मासे घटले, तर समुद्रपक्ष्यांचेही पोट भरणार नाही. पण आपल्या आखातावरून कोणते पक्षी, कोणत्या महिन्यात, किती उंचीवरून जातात, याचा नकाशा पहिला खांब रोवण्याआधी तयार हवा. वारा मोजायला यंत्र बसवले, तसेच पक्षी मोजायला रडारही बसवायला हवे. आपल्यातल्या तरुण इंजिनिअरांसाठी हे काम वाट पाहत आहे.