देयकापासून खतावणीपर्यंत

रुग्णांची देयके एका संगणकप्रणालीत तयार होतात, तर हिशेब टॅलीमध्ये ठेवले जातात. या दोहोंमधील दुवा म्हणजे एक्सएमएल फाइल. १९९८ साली प्रमाणित झालेल्या या पद्धतीत प्रत्येक माहितीभोवती आरंभाची व समाप्तीची खूण असते. समाप्तीची एक खूण राहिली, अथवा औषध कंपनीच्या नावातील ‘अँड’चे चिन्ह ठरलेल्या सांकेतिक रूपात लिहिले गेले नाही, तरी वाचन तेथेच थांबते. हा दोष तत्काळ दिसतो, म्हणून परवडतो.

फाइल निर्दोष असूनही ‘आंतररुग्ण शुल्क’ हे खाते खतावणीत ‘आंतररुग्ण फी’ असल्यास मात्र तेवढेच देयक गळते, बाकीची जमा होतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना निर्धन व दुर्बल घटकांव्यतिरिक्त इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावी लागते. खतावणीवरून हा हिशेब केल्यास, १०,००० रुपयांचे देयक गळताच निर्धनाच्या उपचारांचे २०० रुपये उणे होतात.

यास्तव दोन्हीकडील देयकांची संख्या व एकूण रक्कम रोज ताडून पाहावी. मुंबई-पुण्याहून तंत्रज्ञ येईपर्यंत थांबणे दापोलीत शक्य नसते. न जुळलेले नाव आयातीच्या त्रुटीनोंदीत सापडते. दुरुस्ती खात्यांच्या मूळ जोडणीत करावी. केवळ त्या दिवसाच्या फाइलमध्ये केल्यास दुसऱ्या दिवशी तोच दोष पुन्हा उद्भवतो.