भौतिकशास्त्राचा जमाखर्च

"आमच्या पोराला फिजिक्स झेपत नाही, त्याला आर्ट्सला घालतो," असे वस्तीतले पालक म्हणतात तेव्हा आम्हाला वाईट वाटते. पोरगा कच्चा नसतो. त्याने सूत्रे पाठ केलेली असतात, पण गणितात काय घडते आहे ते डोळ्यांपुढे आणलेले नसते. आम्ही बी. कॉम., कारकुनी करणारे. तरी नववीची ही गणिते मुलांकडून सोडवून घेतो. न शिकलेल्या आईलाही दोन प्रश्न विचारता येतील: निघालास कुठून, पोचलास कुठे? आणि आधी जमा किती होते, ते गेले कुठे?

पहिला प्रश्न विस्थापनाचा. आपल्याला विस्थापन म्हणजे धरणग्रस्त माहीत! इथे अर्थ साधा आहे. निघालो ती जागा आणि पोचलो ती जागा, यांमधले सरळ रेषेतले अंतर, दिशेसह. घरातून ३०० मीटर पूर्वेला आणि तिथून ४०० मीटर उत्तरेला गेलात, तर चालणे ७०० मीटर, विस्थापन मात्र ५०० मीटर. काटकोन त्रिकोण काढला की लगेच दिसते. आणि पर्वती चढून पुन्हा त्याच पायरीशी आलात तर विस्थापन शून्य. (१९२९ च्या ऑक्टोबरात याच पर्वतीवर मंदिर प्रवेशासाठी आपल्या माणसांनी सत्याग्रह केला, दगड खाल्ले. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज ही नावे मुलांना त्याच वेळी सांगावीत.)

विस्थापन शून्य, मग पाय का दुखतात? मुले हे विचारतातच, आणि इथे दुसरा प्रश्न येतो. मुलाचे वस्तुमान ५० किलो, चढ ६० मीटर आणि गुरुत्वत्वरण १० धरू. तिघांचा गुणाकार ३०,००० ज्यूल. माथ्यावर ही स्थितिज ऊर्जा जमा. उतरताना ती संपते, पण नष्ट होत नाही. पाय वेग आवरत असतात, त्यात तिची उष्णता होते. आम्हा हिशेबनिसांना हे चटकन पटते. खाते बदलले, बेरीज तीच.

मुंबईच्या गाडीने खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्यांना खोपोली ठाऊक आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली आणून टाटांच्या केंद्रात १९१५ पासून वीज केली जाते. पाण्याचा वेग किती? वरची स्थितिज ऊर्जा खाली गतिज होते. वस्तुमान दोन्ही बाजूंना असल्याने ते उडते. किती लिटर पाणी, हे विचारायचेच नाही. वेगाचा वर्ग = २ × १० × ५०० = १०,०००. म्हणजे वेग सेकंदाला १०० मीटर, ताशी ३६० किलोमीटर! प्रत्यक्षात थोडा कमी भरतो, कारण काही ऊर्जा घर्षणाच्या खात्यावर खर्ची पडते.

गुण बहुधा एककांत जातात. ग्रॅम दिले असतील तर आधी किलोग्रॅम करावेत, ताशी किलोमीटरला ३.६ ने भागावे, आणि उत्तरापुढे ज्यूल की मीटर ते लिहावे.