वजनाचा हिशेब : ॲलन पेज आणि बचावफळीतील एक कारकीर्द

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक चाल एका काल्पनिक रेषेवरून सुरू होते. रेषेच्या एका बाजूला चेंडू पुढे नेऊ पाहणारा आक्रमक संघ असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याला अडवणारा बचाव संघ. बचाव संघातील जे तीन-चार खेळाडू रेषेला भिडून, एक हात जमिनीला टेकवून, वाकून उभे राहतात, त्यांना ‘डिफेन्सिव्ह लाइनमन’ म्हणतात. त्यांपैकी कडेच्या खेळाडूला ‘एंड’ आणि मधल्याला ‘टॅकल’ अशी संज्ञा आहे. समोरच्या पाच रक्षकांची भिंत फोडून चेंडू धावत नेणाऱ्याला पाडणे, किंवा चेंडू फेकण्याच्या तयारीत असलेल्या सूत्रधाराला, म्हणजे क्वार्टरबॅकला, फेक होण्याआधीच खाली पाडणे, हे त्यांचे काम असून या दुसऱ्या कामगिरीला ‘सॅक’ म्हणतात. चेंडू नेमका कोणत्या क्षणी हलणार हे आक्रमक संघाला आधीच ठाऊक असते, बचाव संघाला मात्र तो हललेला पाहूनच उठावे लागते; म्हणजे लाइनमनची प्रत्येक चाल मुळातच किंचित उशिरा सुरू होते. ही उणीव अंगाच्या भाराने भरून काढावी, असा या खेळातील रूढ समज होता आणि ॲलन पेज यांची कारकीर्द याच समजाच्या विरोधात उभी राहिली.

पेज यांचा जन्म १९४५ मध्ये ओहायो राज्यातील कॅंटन या पोलाद उद्योगाच्या गावी झाला. व्यावसायिक फुटबॉलमधील थोरांचा सन्मान करणाऱ्या ‘हॉल ऑफ फेम’ची इमारत याच गावात उभी राहत असताना त्या बांधकामावर त्यांनी मजुरीही केली होती. १९६६ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणाऱ्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संघात ते होते आणि १९६७ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाने त्यांची निवड केली. कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज या चौघांची फळी, संघाच्या जांभळ्या गणवेशामुळे, ‘पर्पल पीपल ईटर्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

या फळीत मधल्या टॅकलच्या जागी खेळणारे पेज सुमारे १११ किलो वजनाचे, म्हणजे त्या जागेच्या मानाने हलकेच होते. समोरच्या रक्षकाशी ताकदीची झोंबाझोंबी करण्याऐवजी चेंडू हलताक्षणी दोन रक्षकांमधल्या फटीत शिरायचे, आणि समोरचा पवित्रा घेऊन उभा राहण्याआधीच त्याच्या मागे पोहोचायचे, ही त्यांची रीत होती. अशा खेळाडूला रोखण्यासाठी दोन रक्षक खर्ची पडतात आणि त्यामुळे उरलेल्या सहकाऱ्यांचा मार्ग मोकळा होतो, म्हणून टॅकलचे खरे मोल केवळ त्याने पाडलेल्या खेळाडूंच्या संख्येवरून कळत नाही. १९७१ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा सर्वांत मौल्यवान खेळाडूचा किताब पेज यांना मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले बचावपटू होते आणि त्यांच्यानंतर केवळ लॉरेन्स टेलर (१९८६) यांनाच तो लाभला. मात्र याच काळात व्हायकिंग्ज चार वेळा सुपर बोल या अंतिम सामन्यात पोहोचले आणि चारही वेळा हरले.

खेळाडूंच्या संघटनेत सक्रिय असलेले पेज १९७० च्या दशकाच्या मध्यापासून खेळता खेळताच मिनेसोटा विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत होते आणि १९७८ मध्ये त्यांनी पदवी मिळवली. त्याच सुमारास त्यांना लांब पल्ल्याच्या धावण्याची गोडी लागली. त्यामुळे वजन सुमारे १०० किलोपर्यंत उतरले, ते संघव्यवस्थापनाला खटकले आणि १९७८ च्या हंगामातच त्यांना मुक्त करण्यात आले. शिकागो बेअर्सने नियमानुसार अवघे १०० डॉलर शुल्क भरून त्यांना घेतले आणि १९८१ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथे खेळले. दरम्यान १९७९ मध्ये पूर्ण मॅरेथॉन धावणारे ते व्यावसायिक फुटबॉल लीगमधील पहिले कार्यरत खेळाडू ठरले. कारकिर्दीतील सलग २१८ सामने त्यांनी एकही न चुकवता खेळले. ज्या शरीरावर ‘हलके’ असा शेरा मारला गेला, त्याच्या चिवटपणाची साक्ष हा आकडाच देतो.

निवृत्तीनंतर त्यांनी वकिली केली आणि १९८५ पासून मिनेसोटा राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयात काम पाहिले. अमेरिकेतील अनेक राज्यांत न्यायाधीश निवडणुकीने नेमले जातात. १९९२ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातील एका न्यायाधीशाची मुदत गव्हर्नरने वाढवल्यामुळे त्या जागेची निवडणूकच टळणार होती. पेज यांनी या निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले, निकाल त्यांच्या बाजूने लागला, मग त्यांनी निवडणूक लढवली, ती जिंकली आणि ते त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. सत्तराव्या वर्षी निवृत्त होण्याचे बंधन असल्याने २०१५ मध्ये त्यांनी पद सोडले; २०१८ मध्ये त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला.

१९८८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळाला, तेव्हा आपली ओळख करून देण्यासाठी पेज यांनी एखाद्या प्रशिक्षकाला न बोलावता मिनियापोलिसमधील एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावले आणि भाषणाचा रोखही शिक्षणावरच ठेवला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या त्यांच्या प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याला लहान मुलांना शिकवण्यासाठी वेळ द्यावा लागतो. शाळाभेटींमध्ये मुलांचे लक्ष मात्र आधी त्यांच्या हाताकडे जाते, कारण खेळातील दुखापतींमुळे त्यांची करंगळी जवळपास काटकोनात बाहेर वळलेली आहे. मुलगी केमी हिच्यासह त्यांनी २०१३ मध्ये लिहिलेले बालपुस्तक याच करंगळीवर आहे. मराठीत ‘वजन’ हा शब्द देहाच्या भाराबरोबरच माणसाच्या शब्दाला असणाऱ्या मानासाठीही वापरला जातो. व्हायकिंग्जने १९७८ मध्ये केलेला हिशेब त्यांपैकी फक्त पहिल्या अर्थाचा होता.