गायकवाडी किनाऱ्यावरचं हिरवं कोडं

वडोदऱ्याला समुद्र नाही, पण बडोदे संस्थानाला होता. द्वारका, बेट द्वारका आणि ओखा हा ओखामंडळाचा सारा टापू गायकवाडांच्या अमलाखाली होता. तिथल्या सागरी जीवांचा अहवाल जेम्स हॉर्नेल यांनी बडोदे सरकारसाठी लिहिला. त्याचा पहिला भाग १९०९ साली निघाला. पुढे १९२७-२८च्या हिवाळ्यात डॅनिश शैवालतज्ज्ञ फ्रेडरिक ब्योर्गेसेन भारतात आले आणि त्यांनी मुंबईबरोबरच ओखा-द्वारकेच्या खडकांवरचीही शैवालं गोळा केली. या किनाऱ्याच्या शैवालांची नोंद शतकभर जुनी आहे ती अशी. तरीही तिथल्या हिरव्या शैवालांची सगळी ओळख पटली आहे, असं म्हणायची माझी तयारी नाही.

न ओळखलेली शैवालं कुठे लपत असतील, हे कळायला आधी थंड समुद्रांकडे पाहू. तिथे केल्प या तपकिरी शैवालांची जंगलं असतात. त्यांच्या अंगावर बारीक हिरवी शैवालं रुजतात. त्यांना सरसकट बांडगूळ ठरवणं अन्यायाचं होईल, कारण बहुतेक जण आपलं अन्न आपणच तयार करतात. त्यांना हवी असते फक्त उजेडातली जागा. केल्पचं पातं देठाकडून वाढतं, त्यामुळे टोक सर्वांत जुनं आणि पाहुण्यांची गर्दीही तिथेच जास्त. काही हिरवे तंतू मात्र यजमान शैवालाच्या आत शिरतात आणि सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतच नाहीत. नवी प्रजाती सापडण्याची शक्यता अशाच दुर्लक्षित जागी अधिक.

आपलं पाणी उबदार, म्हणून भारतात केल्प नाही. अरबी समुद्रापलीकडे ओमानच्या धोफार किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यांमुळे खालचं गार पाणी वर येतं. तिथे एक्लोनिया या केल्पची नोंद झाली आहे. आपल्याकडे यजमानाचं काम सरगॅसम हे तपकिरी शैवाल करतं.

हिरव्या शैवालात खरी पंचाईत रूपाची आहे. उल्वाचंच पाहा. पाणी खारं की मचूळ, यावर तिचा आकार बदलतो. त्यावर कडी म्हणजे, काही विशिष्ट जिवाणू सोबत नसतील तर तिला नेहमीचा आकारच येत नाही, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. नळीसारख्या शैवालांचा पूर्वी एंटेरोमॉर्फा हा वेगळा वंश (जीनस) मानला जाई. २००३ साली डीएनएच्या आधारे तो उल्वातच विलीन झाला. लिनियसने १७५३ साली नाव दिलेल्या उल्वा लॅक्टुकाच्या मूळ नमुन्याचा डीएनए तपासल्याचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. युरोपातल्या थंड पाण्यातलं जे शैवाल त्या नावाने ओळखलं जाई, ते भलतंच निघालं. हा नमुना जुळला तो उबदार पाण्यातल्या उल्वा फॅसिएटाशी, म्हणजे गुजरातच्या खडकांवर ज्या नावाने शैवाल नोंदलं जातं त्याच्याशी!

पश्चिम किनाऱ्यावरच्या नळीसारख्या उल्वांचा असाच तपास पंजाब केंद्रीय विद्यापीठाचे फेलिक्स बास्ट आणि सहकाऱ्यांनी केला आणि २०१४ साली उल्वा पश्चिमा ही नवी प्रजाती जाहीर केली. बास्ट यांच्याच कामातून गोव्याच्या नावाची क्लॅडोफोरा गोएन्सिसही पुढे आली.

नवं नाव मान्य व्हायला नुसतं सापडणं पुरत नाही. एक नमुना प्रमाण म्हणून संग्रहालयात ठेवावा लागतो आणि वर्णन रीतसर प्रसिद्ध करावं लागतं. २०११ अखेरपर्यंत ते लॅटिनमध्ये द्यावं लागे. २०१२पासून इंग्रजीही चालते. दुसऱ्या शैवालावर वाढणाऱ्याचा डीएनए काढताना यजमानाचा अंश मिसळू न देणं, हे मात्र अजूनही कसबाचं काम.

ओख्याला शैवालांचा बहर हिवाळ्यात असतो. वडोदऱ्यातल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तेव्हा ओहोटीची वेळ साधून जावं आणि सरगॅसमचा झुबका भिंगाखाली धरून त्याच्या अंगावरचे हिरवे तंतू पाहावेत. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत काहीही उचलण्यापूर्वी वन खात्याची परवानगी घ्यावी.