दुर्मिळ रोग आणि सामाईक पुंजी

ताप, खोकला, विषमज्वर, मधुमेह हीं नांवें घरांतील लहान मुलांनाहि ठाऊक असतात. कोणी अंथरूण धरलें कीं वडीलधारी मंडळी पथ्य सांगतात, ओळखीचा डॉक्टर औषध लिहून देतो व तें जवळच्या दुकानांत मिळतें. परंतु असेहि रोग आहेत कीं, ज्यांचें नांव त्या घराण्यांत, त्या गांवांत, किंबहुना त्या तालुक्यांतील डॉक्टरानेंहि पूर्वीं ऐकलेलें नसतें. रोगाचें नांव कळण्यांतच कित्येक वर्षें जातात. आणि नांव कळल्यावर औषधाची किंमत कळते, तेव्हां आधींचें अज्ञानच बरें होतें असें आईबापांस वाटूं लागतें. या रोग्यांना औषध मिळवून देण्याचा भार कोणीं व कसा उचलावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हजार लोकांमागें एकास किंवा त्याहूनहि कमी लोकांस होणारा व बहुधा जन्मभर पुरणारा रोग तो दुर्मिळ रोग, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेनें केली आहे. अशा रोगांची संख्या सात ते आठ हजारांच्या घरांत आहे. प्रत्येक रोग दुर्मिळ असला, तरी सर्वांचे रोगी एकत्र मोजल्यास ही संख्या मुळींच लहान राहात नाहीं. यांपैकीं सुमारें ऐंशी टक्के रोग आनुवंशिक आहेत आणि शेंकडा पांचांहूनहि कमी रोगांवर औषध सांपडलेलें आहे. म्हणजे औषध असणें हेंच भाग्य. आणि तें भाग्य लाभूनहि केवळ पैशावांचून तें दूर राहावें, यासारखें दुर्दैव नाहीं.

या रोगांचें कारण एकदां नीट समजलें पाहिजे, कारण त्याविषयींच्या अज्ञानानें कुटुंबांत मोठा अन्याय होतो. प्रत्येक मनुष्याच्या शरीरांत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, दुसरी बापाकडून. एक प्रत सदोष असली तरी दुसरीवर शरीराचें काम भागतें, आणि तो मनुष्य जन्मभर निरोगी राहतो. परंतु आई व बाप या दोघांपाशींहि तोच दोष असेल, तर प्रत्येक अपत्याला दोन्ही सदोष प्रती मिळण्याचा संभव चारांत एक असतो. पुष्कळशा दुर्मिळ रोगांची उत्पत्ति अशी आहे. मूल आजारी निघालें कीं सुनेच्या माहेराकडे बोट दाखविण्याची जी रीत आहे, तिला शास्त्राचा बिलकुल आधार नाहीं. अशा प्रकारच्या रोगांत दोष दोन्ही घराण्यांतून सारखाच आलेला असतो. आपल्याकडे कांहीं ज्ञातींत मामाच्या मुलीशीं विवाह करण्याची चाल आहे. अशा जवळच्या नात्यांत दोघांपाशीं एकच दोष असण्याचा संभव वाढतो, हेंहि सुशिक्षितांनीं ध्यानांत ठेवावें. पण इतर विवाहांतहि हा योग येतोच. तो कोणाच्याहि दुराचरणाचें फळ नव्हे, आणि कोणत्या घरीं येईल हें आधीं सांगतां येत नाहीं.

अशा रोगांवर औषध कसें सांपडतें, याचें एक उदाहरण मोठें मनोरंजक आहे. टायरोसिनेमिया नांवाच्या रोगाच्या पहिल्या प्रकारांत अन्नांतील प्रथिनांचा एक घटक शरीराला पूर्णपणें पचवितां येत नाहीं. त्यापासून विषारी द्रव्यें तयार होतात व तान्ह्या मुलाचें यकृत नासून जातें. १९७७ सालीं कॅलिफोर्नियांतील एका शास्त्रज्ञाच्या असें लक्षांत आलें कीं, बॉटलब्रशच्या झाडाखालीं तण फारसें वाढत नाहीं. लाल झुबक्यांचें हें झाड आपल्याकडील बागांतूनहि दिसतें. त्यांतील द्रव्याचा अभ्यास करून तणनाशकें बनविण्याचे प्रयोग झाले. त्यांतूनच निटिसिनोन हें द्रव्य निघालें, आणि तें शरीरांतील त्या विषारी द्रव्यांची उत्पत्ति आधींच थांबवितें असें आढळलें. १९९२ सालीं स्वीडनमधील डॉ. लिंडस्टेट व त्यांचे सहकारी यांनीं रोग्यांवरील उपचारांचे परिणाम प्रसिद्ध केले. ज्या मुलांना यकृत बदलण्यावांचून उपाय नव्हता, तीं कॅप्सूल व पथ्य यांवर वाढूं लागलीं. परंतु भारतांत या औषधाचा वर्षाचा खर्च सुमारें २ कोटी २० लाख रुपये होता. २०२३ सालीं तें येथेंच तयार होऊं लागल्याचें केंद्र सरकारनें जाहीर केलें, तेव्हां तोच खर्च सुमारें अडीच लाखांवर आला. औषध तेंच, रोग तोच. अंतर मात्र आकाशपाताळाचें!

मग हीं औषधें मुळांत इतकीं महाग कां? याचें उत्तर एकेरी नाहीं. संशोधनाला वर्षानुवर्षें लागतात, बहुतेक प्रयत्न वायां जातात, आणि शेवटीं विकत घेणारे रोगी मोजकेच. म्हणून पूर्वीं कारखानदार या वाटेस जातच नसत. अशा औषधांना अनाथ औषधें म्हणण्याचा प्रघात पडला तो यामुळेंच. १९८३ सालीं अमेरिकेनें कायदा करून अशा औषधाच्या निर्मात्याला सात वर्षें एकट्यानें विक्री करण्याचा हक्क व इतर सवलती दिल्या. त्यानंतर शेंकडों औषधें निघालीं, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु मक्तेदारीची दुसरी बाजूहि तितकीच खरी. ज्याच्यापाशीं एकट्यापाशीं औषध आहे तो किंमत ठरवितांना खर्चाकडेच पाहतो असें नाहीं; आईबाप मुलासाठीं काय काय विकतील, आणि सरकारें किती देतील, याकडेहि पाहतो. २०१९ सालीं निघालेल्या झोल्जेन्स्मा या एकाच मात्रेच्या औषधाची अमेरिकेंतील किंमत एकवीस लाख डॉलरांहून अधिक होती.

आपल्या देशांत या प्रश्नास वाचा फुटली ती न्यायालयांत. गोशे नांवाच्या रोगानें पीडित अशा एका गरीब मुलाच्या अर्जावर १७ एप्रिल २०१४ रोजीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें निकाल देऊन त्याला मोफत औषध देण्याचा आदेश दिला. पुढें २०२१ सालीं केंद्र सरकारनें दुर्मिळ रोगांविषयीं राष्ट्रीय धोरण जाहीर केलें. प्रारंभीं एकदांच उपचार करून बऱ्या होणाऱ्या रोगांपुरती वीस लाखांपर्यंत मदत होती. २०२२ सालीं ती सर्व वर्गांतील रोग्यांसाठीं पन्नास लाखांपर्यंत वाढविण्यांत आली. ती नेमून दिलेल्या मोठ्या रुग्णालयांमार्फत मिळते, मुंबईचें के. ई. एम. रुग्णालय हें त्यांपैकींच एक होय. २०२३ सालीं या धोरणांतील रोगांवर स्वतःसाठीं आणविलेल्या औषधांची मूळ आयात-जकातहि माफ झाली.

पन्नास लाख ही रक्कम ऐकावयास मोठी वाटते. परंतु ती एका रोग्यामागें एकंदर आहे, प्रतिवर्षीं नव्हे. आणि रोग तर जन्माचा सोबती. यांतील अडचण एका हिशेबानें स्पष्ट होईल. मज्जारज्जूंतील स्नायुचालक पेशी क्षीण करणारा स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी नांवाचा रोग आहे. त्यांत मुलाचे हातपाय, पुढें श्वासोच्छ्वासाचे स्नायूहि, दुबळे होत जातात. रिस्डिप्लाम हें त्यावरील तोंडानें घेण्याचें औषध. वीस किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या रोग्याला तें रोज पांच मिलिग्रॅम लागतें. साठ मिलिग्रॅमची बाटली बारा दिवस पुरते, म्हणजे वर्षाला सुमारें तीस बाटल्या. रोश या परदेशी कंपनीच्या बाटलीची किंमत सुमारें ६ लाख २० हजार रुपये होती. कंपनीच्या सवलती बाजूस ठेवून छापील किंमतच धरली, तर पन्नास लाखांत आठ बाटल्या येतात. आठ बाटल्या म्हणजे अवघे तीन महिने!

पुढें काय घडलें तें पाहण्यासारखें आहे. हैदराबादच्या नॅटको कंपनीनें तेंच औषध बनविण्याचें ठरविलें. रोशनें पेटंटाच्या आधारें मनाई मागितली. मार्च २०२५ मध्यें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें ती नाकारली, ऑक्टोबरमध्यें तेथील खंडपीठानें तोच निर्णय कायम ठेवला, आणि सर्वोच्च न्यायालयानेंहि हस्तक्षेप केला नाहीं. पेटंटाच्या वैधतेवर घेतलेला आक्षेप प्रथमदर्शनीं विचारार्ह आहे, असें न्यायालयाचें मत पडलें. नॅटकोनें बाटलीची किंमत १५ हजार ९०० रुपये ठेवली. या भावानें त्याच पन्नास लाखांत तीनशेंहून अधिक बाटल्या येतात. म्हणजे जी मदत तीन महिन्यांत संपली असती, ती दहा वर्षें पुरेल. सरकारी तिजोरींत एक रुपयाहि वाढला नाहीं. बदलला तो फक्त भाव.

यावर एक आक्षेप घेण्यांत येतो, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. क्षयानें माणसें मरत असतां, खेड्यांत साधा डॉक्टर मिळत नसतां, एका मुलावर पन्नास लाख कां खर्चावे? याचें उत्तर एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला शोधावें लागूं नये. ज्या घरांत दहा मुलें आहेत व त्यांतील एक जन्मतः पंगु आहे, तेथील कर्ता पुरुष इतर नवांचें दूध तोडून सर्व पैसा त्या एकावर उधळीत नाहीं. पण त्या एकाला वाऱ्यावरहि सोडीत नाहीं. तो प्रथम घासाघीस करून खर्च कमी करतो, मग सामाईक पुंजींतून त्याचा वांटा बाजूस काढतो. समाजानेंहि हाच क्रम धरावा. आधीं भाव उतरविणें: देशी निर्मितीस उत्तेजन देणें, सर्व रोग्यांसाठीं सरकारनें एकत्र खरेदी करणें, आणि कायद्यांतील सक्तीच्या परवान्याचा जरूर तेथें उपयोग करणें. २०१२ सालीं कर्करोगावरील नेक्सावर या औषधासंबंधीं असा परवाना दिला गेला, तेव्हां महिन्याचा सुमारें २ लाख ८० हजारांचा खर्च ८ हजार ८८० वर आला होता. आणि भाव उतरल्यावर उरलेला भार सर्वांनीं मिळून, जन्मभरासाठीं, उचलणें.

कांहीं कुटुंबें लोकवर्गणीनें कोट्यवधि रुपये जमवितात. देणाऱ्यांचें औदार्य वंदनीयच होय. परंतु ज्याचें छायाचित्र चारचौघांच्या डोळ्यांत पाणी आणतें, ज्याच्या आईबापांना लिहितां बोलतां येतें, त्याच्या मुलाला औषध आणि मुक्या शेतमजुराच्या मुलाला नाहीं, ही व्यवस्था न्यायाची म्हणतां येणार नाहीं. दया ही आरंभास पुरते. जन्मभराच्या औषधाला नियम लागतो.

घरोघर करण्यासारखेंहि कांहीं आहे. मान न धरणारें, बसावयाच्या वयांत न बसणारें, पोट फुगत जाणारें मूल दिसल्यास "होईल हळूहळू" म्हणून दिवस घालवूं नयेत. मोठ्या रुग्णालयांतील आनुवंशिक रोगांच्या तज्ज्ञांकडे न्यावें. यांतील पुष्कळ औषधें झालेली हानि भरून काढीत नाहींत, पुढची टाळतात. म्हणून गेलेला महिना परत मिळत नाहीं. असा रोग घराण्यांत आढळल्यास तो लपवूं नये, भाऊबंदांस सांगावा व पुढील अपत्यापूर्वीं सल्ला घ्यावा.

गांव करी तें राव न करी, असें आपले वाडवडील म्हणत आले. या कामीं मात्र गांव आणि राव दोघेहि लागतील. भाव उतरविण्याचें सामर्थ्य रावापाशीं आहे. तें वापरावयास लावणें गांवाच्या हातीं आहे. ज्या घरांत आज सर्व मुलें धडधाकट आहेत त्यांनींच हें बोलणें अधिक शोभेल, कारण आजारी मुलाच्या आईबापांना बोलावयास सवडहि नसते आणि बळहि उरलेलें नसतें.